बोचक्यातलं कापड

मराठी घरात गोधडीसाठी कापड विकत आणायची रीत नव्हती. ते आपसूक साठायचं. विरत आलेलं सुती लुगडं, कॉलर झिजलेला पण पाठीला धड असलेला शर्ट, मुलीला तोकडा झालेला फ्रॉक, शिंप्याकडची कात्रणं, असं एकेक जुनेर चादरीत बांधलं जायचं आणि ते बोचकं माळ्यावर चढायचं. गोधडी शिवणारी बाई दारात आली किंवा घरात बाळंतपण निघालं की बोचकं खाली यायचं. आज त्याच माळ्यावर दुसरंही कापड येऊन बसलं आहे: मंगळदास मार्केटमधले किंवा लक्ष्मी रस्त्यावरचे कटपीस, प्रदर्शनातून आणलेलं बगरू आणि अजरख छपाईचं कापड, इचलकरंजीचं पॉपलिन, आणि हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला ओटीत मिळालेले ब्लाउजपीस. क्विल्टिंगची आवड लागलेल्या घरात तर हा साठा बघता बघता कपाटाबाहेर येतो.

इतकं कापड लावायला बसलं की बहुतेक जण रंगावरून सुरुवात करतात. लाल एका खणात, निळं दुसऱ्यात. दिसायला ते सुरेख दिसतं, पण गोधडी त्याच मांडणीमुळे बिघडते. लाल खणात टू बाय टू रुबिया, टेरिकॉट, खादी आणि साटिन शेजारी शेजारी बसलेले असतात. रंग जुळला म्हणून चौघांना एकत्र शिवलं की पहिल्याच धुण्यात खादी आटते, टेरिकॉट ताठ राहतं, साटिनचे धागे शिवणीतून सुटतात आणि एखाद्याचा रंग जाऊन बाकीचे गुलाबी होतात. म्हणून कापड आधी धाग्यावरून लावावं, मग त्यात उरलेल्या दमावरून, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी वळावं. या दोन पायऱ्या नीट झाल्या की कपाट कोणतं, पेटी कोणती, हे प्रश्न फार सोपे होतात.

त्याआधी साठा आहे तरी किती, हे कळायला हवं. शेकडो तुकडे मीटरपट्टीने मोजत बसण्यापेक्षा सगळं कापड वजनकाट्यावर ठेवावं. पॉपलिन किंवा केंब्रिक जातीच्या सुती कापडाचं वजन चौरस मीटरला साधारण १२० ते १४० ग्रॅम असतं. ४४ इंच पन्ह्याचं असं एक मीटर कापड दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे १० किलोच्या बोचक्यात सुमारे ६५ मीटर कापड आहे. एका माणसाच्या पांघरुणाला वरचा आणि खालचा थर मिळून सात-आठ मीटर लागतात, तेव्हा त्या एका बोचक्यात आठ-नऊ पांघरुणं दडलेली आहेत. हा आकडा समोर आला की पुढच्या खरेदीचा विचार आपोआप सावकाश होतो.

जुन्या गोधडीचा हिशेब तर याहून नेटका आहे. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर लांबी. पन्हा ४५ इंच धरला तर एकूण कापड होतं ९.४ चौरस मीटर. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब अशा गोधडीचा एक थर ३ चौरस मीटरचा, तीन थरांचे ९. लुगड्याचे दोन-दोन मीटरचे चार धडपे करून कडेला कड जोडली की रुंदी साडेचार मीटरच्या थोडी वर जाते, आणि शिवणीपुरतं कापड धरून तीन थर बरोबर बसतात. एका लुगड्याची एक तिपदरी गोधडी. म्हणून साठ्यातली अखंड लुगडी आणि अखंड साड्या घाईने फाडू नयेत. लहान तुकडे कुठूनही मिळतात. गोधडीच्या तळाला लागणारं सलग कापड ऐन वेळी मिळत नाही.

धागा ओळखायची रीत

दुकानदार ज्याला ‘प्युअर कॉटन’ म्हणतो ते दर वेळी सुती असतंच असं नाही, आणि ओटीतल्या ब्लाउजपीसवर तर काहीच लिहिलेलं नसतं. हे ब्लाउजपीस मराठी घरातल्या साठ्याचा मोठा हिस्सा आहेत. ८० सेंटीमीटर ते १ मीटर लांबीचे, घडी न मोडलेले, एका घरातून दुसऱ्या घरात फिरणारे. त्यातले काही उत्तम रुबिया असतात, बरेच पॉलिस्टरमिश्रित असतात. हातात धरून अनुभवी माणसालाही चकवा बसतो, कारण खळ लावलेलं मिश्र कापड सुतासारखंच कडक लागतं.

खात्रीची परीक्षा आगीची. कापडाच्या कडेचे चार-पाच धागे उभ्या बाजूने आणि चार-पाच आडव्या बाजूने काढायचे. दोन्ही वेगवेगळे तपासायचे, कारण ताणा सुताचा आणि बाणा पॉलिस्टरचा असंही कापड विणतात. स्टीलच्या ताटलीत, जवळ पाणी ठेवून, चिमट्याने धागे धरायचे आणि काडी लावायची. सूत लगेच पेटतं, कागद जळल्यासारखा वास येतो, ज्योत विझल्यावरही टोक धुमसत राहतं आणि मागे मऊ राखाडी राख उरते, बोटात चुरली की नाहीशी होणारी. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात आणि ज्योत दूर नेली की सहसा विझतात. पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला टणक मणी तयार होतो. तो गार होईपर्यंत बोट लावू नये, भाजतं. राखेत मऊ भागही आहे आणि बारीक कडक कणही आहेत, तर कापड मिश्र. एक सावधगिरी: रेयॉनसुद्धा सुतासारखंच जळतं, कारण तेही सेल्युलोजच. ते ओल्या हाताने ओळखावं. रेयॉनचा धागा भिजला की कमजोर होतो आणि सहज तुटतो; सुताचा धागा भिजल्यावर उलट बळकट होतो.

या परीक्षेनंतर साठ्याचे चार ढीग होतात: सुती, मिश्र, रेशीम-लोकर आणि निव्वळ कृत्रिम. गोधडीसाठी खरा साठा पहिलाच. मिश्र कापड टाकाऊ नाही. पिशव्या, बसकरं, दप्तरं यांना ते सुतापेक्षा जास्त टिकतं. पण सुतीबरोबर ते एका गोधडीत नको. सुताला लागणाऱ्या कडक इस्त्रीने पॉलिस्टर चकाकतं आणि आकसतं, घाम शोषत नाही, आणि सूत आटल्यावर त्याच्या शेजारी फुगून राहतं.

दम

सुती ढीग आता उजेडात न्यायचा. एकेक कापड खिडकीसमोर धरून पाहिलं की विरलेला भाग लगेच दिसतो. तिथे उजेड जास्त आरपार येतो. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड उभ्या धाग्यावर ओढायचं, नंतर आडव्यावर. चर्र असा बारीक आवाज आला तर तो भाग संपला. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसायच्या जागेचा भाग आधी विरतो, दोन्ही टोकं बराच काळ धड राहतात. म्हणूनच पूर्वी बायका मधला विरलेला पट्टा कापून टाकून दोन टोकं जोडायच्या आणि दंड घातलेलं लुगडं आणखी काही वर्षं नेसायच्या. गोधडीसाठी लुगडं निवडतानाही हीच जाण कामाला येते. काठाजवळचा आणि टोकांचा भाग वरच्या थराला, मधला पोटात.

पोटात घालायचं कापड हा गोधडीच्या साठ्यातला स्वतंत्र वर्ग आहे, आणि नव्याने क्विल्टिंग शिकणारे त्याकडे दुर्लक्ष करतात याची मला हळहळ वाटते. ते विरलेलं सगळं चिंधी समजून फेकतात आणि आतला थर म्हणून कृत्रिम वॅडिंग विकत आणतात. जुनं, असंख्य वेळा धुतलेलं सुती कापड पोटात घातल्यावर जो मऊपणा येतो तो विकत मिळत नाही. त्याचं आटणं कधीच संपलेलं असतं, सुटा रंग निघून गेलेला असतो, खळ उरलेली नसते. ओढ सोसायचं काम वरच्या आणि खालच्या थराने करायचं. मधल्याने फक्त ऊब धरायची. जवळजवळ घातलेला धावदोरा त्याला जागचं हलू देत नाही. मात्र बलवान आणि दुबळं कापड एकाच थरात शेजारी नको. नवी डेनिम आणि विरलेली मलमल एका शिवणीने जोडली तर प्रत्येक ओढीला मलमलच फाटते.

या टप्प्याला शर्ट-परकरही सुटे करून घ्यावेत. अख्खे कपडे साठवले की जागा खातात आणि त्यात कापड किती आहे हे कळत नाही. शर्टाची पाठ हा सगळ्यात मोठा सलग तुकडा, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. शिवण उसवत बसण्यापेक्षा तिच्या कडेने कापून टाकावं, कारण चार पदरी शिवणीतून हाताची सुई जात नाही. कॉलर आणि कफात आत चिकट अस्तर दाबलेलं असतं, ते गोधडीला निरुपयोगी. बटणं काढून बरणीत, खिसा उसवून वेगळा. खिशाखालचं कापड उरलेल्या शर्टापेक्षा गडद निघतं, कारण त्याने ऊन पाहिलेलं नसतं.

असे गडद चौकोन अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड गावच्या क्विल्टांमध्ये दिसतात. नदीच्या वळणावर वसलेल्या या गावातल्या कृष्णवर्णीय शेतमजूर बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतातल्या कामाच्या जुन्या कपड्यांपासून पांघरुणं शिवली, आणि २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात ती मांडली गेली तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली. मिसूरी पेटवे हिने १९४२ मध्ये आपल्या दिवंगत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांचं एक क्विल्ट शिवलं, त्याची आठवण राहावी आणि ते अंगावर घेता यावं म्हणून. आपल्याकडेही आजीच्या लुगड्याची गोधडी नातवाला दिली जाते ती याच भावनेने. त्याच गावची आणखी एक गोष्ट साठ्याच्या दृष्टीने बोलकी आहे. १९७२ मध्ये त्या भागातल्या बायकांच्या सहकारी संस्थेला सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. उरलेलं कॉर्डरॉय घरोघरी गेलं, आणि ते कापड जाड, बारीक तुकडे जोडायला अवघड, म्हणून मोठ्या, सरळ, ठसठशीत पट्ट्यांची क्विल्टं जन्माला आली. हाताशी कोणतं कापड आहे यावरून नक्षी ठरली.

आणि नक्षी कशी काढणार यावर साठा कसा ठेवायचा ते ठरतं. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. तळाला साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून टाके घालायला लागायचं, आणि हाताला येईल तो तुकडा दुमडून लावत कडेकडेने मध्याकडे जायचं. तिथे मोजमाप नाही. समोर बोचकं सोडून ठेवलेलं असतं आणि डोळा पुढचा तुकडा निवडतो. असं काम करणाऱ्याने तुकडे आहे त्या आकारात ठेवावेत. सारखे कापून ठेवले तर उलट अडचण. पण जो मोजून चौकोन-त्रिकोण जोडतो त्याला ठरावीक मापं सोयीची. अमेरिकी क्विल्टवाल्यांनी बाजारासाठी अशी मापं पक्की केली आहेत: १८ बाय २२ इंचांचा ‘फॅट क्वार्टर’, अडीच इंची पट्ट्या, पाच इंची आणि दहा इंची चौकोन. आपण तीच घ्यायला हवीत असं नाही. पण दोन-तीन मापं ठरवावीत, प्रत्येक काम संपलं की त्याच दिवशी उरलेले तुकडे त्या मापात कापावेत, आणि दोन इंचांहून लहान उरेल ते उशीच्या भरणाला टाकावं. तुकड्यांचा पसारा होतो तो ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेल्या कात्रणांमुळे.

धुणं आणि घडी

कोरं कापड साठ्यात जाण्याआधी पाण्यातून काढावं, हा नियम मी निरपवाद मानते. त्याची कारणं तीन. पहिलं आटणं. गिरणीचं सुती कापड साधारण तीन ते पाच टक्के आटतं, हातमागाचं त्याहून जास्त. दुसरं, सुटा रंग. नीळ, अजरख, गडद लाल आणि काळं यांचा जास्तीचा रंग पहिल्या काही धुण्यांत निघतो. पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून पाहावं. फडकं रंगलं तर पुन्हा धुवावं. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो ही समजूत सर्वत्र आहे, पण तयार रंगवलेल्या सुती कापडावर त्याचा उपयोग होत नाही. सुटा रंग धुऊन काढणं हाच उपाय. तिसरं कारण खळ. मांजरपाटापासून ब्लाउजपीसपर्यंत बहुतेक कोऱ्या कापडाला खळ असते आणि खळ म्हणजे किड्यांचं अन्न. म्हणूनच धुतल्यावर पुन्हा कांजी करून ठेवायचं नाही. कांजी गोधडी कापायच्या दिवशी करावी, तेव्हा ती उपयोगी पडते.

धुण्याआधी चारही कोपरे तिरपे कातरावेत. त्याने धागे कमी सुटतात, आणि पुढे कधीही कपाटातून कापड काढलं की कातरलेला कोपरा पाहून ते धुतलेलं आहे हे कळतं. चिठ्ठी लावायला नको, लक्षात ठेवायला नको.

घडीसाठी एक पद्धत फार उपयोगी आहे. सहा इंच रुंद आणि दोन फूट लांब अशी जी पारदर्शक पट्टी क्विल्टसाठी मिळते, ती घ्यायची. नसेल तर त्याच मापाचा पुठ्ठा. कापडाची पन्ह्यावर मधोमध घडी घालायची, काठावर काठ. मग पट्टी एका टोकाला ठेवून कापड तिच्याभोवती गुंडाळत न्यायचं. शेवटी पट्टी हळूच बाहेर ओढायची आणि उरलेली लांबी मधून दुमडायची. एक मीटर असो की तीन, प्रत्येक घडीची रुंदी सारखीच होते. जाडीवरून कापड किती आहे ते कळतं. या घड्या एकावर एक न रचता खणात पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. रास केली की खालचं कापड काढताना वरचं सगळं ढासळतं, म्हणून माणूस खालचं काढतच नाही, आणि वर्षानुवर्षं तळाशी एकच घडी दबून राहते. घडीच्या कडेवर धागा सतत वाकलेला असतो. रेशमात तो तिथेच आधी तुटतो. वर्षातून एकदा-दोनदा घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी, पैठणीची घडी बदलतात तशीच.

लोखंडी कपाटाचे खण खोल असतात. मागे दुसरी रांग लावली तर ती विसरली जाते. मागच्या बाजूला पोटात घालायचं कापड आणि अखंड लुगडी ठेवावीत, जी वर्षातून एखाद्या वेळीच लागतात.

पाऊस, ऊन आणि कसर

महाराष्ट्रात कापडाचे शत्रू जिल्ह्यागणिक बदलतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की बुरशीची भीती नाही, तिथे धूळ आणि उजेड सांभाळायचा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते, आणि ६५-७० टक्क्यांच्या वर ती टिकून राहिली की कापडावर बुरशी धरू लागते. आधी कुबट वास, मग पांढुरके ठिपके, मग काळे डाग जे कशानेही जात नाहीत. अशा हवेत घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा दुधारी ठरतो. मे महिन्यात कडकडीत वाळवलेलं, गार झालेलं कापड त्यात भरून बंद केलं तर पावसाळाभर ते सुरक्षित राहतं. जुलैत थोडंसं दमट कापड भरलं तर डबा तीच ओल आत कोंडून ठेवतो. पावसाळ्यात धुतलेलं काहीही ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत बंद डब्यात जाऊ नये. ते उघड्या खणात, सैल घडीने राहू द्यावं. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, पेटी जमिनीवर टेकवू नये, खाली विटा किंवा लाकडी ठोकळे असावेत. दिवाणाखालच्या खणात ओल कोंडते, तिथे रोज वापरातलं पांघरूण ठीक, साठा नको.

पत्र्याची ट्रंक उंदरांपासून उत्तम वाचवते, पण गंजते. गंजाचा डाग सुतातून जात नाही आणि त्या जागी कापड कालांतराने कमजोर होतं. आतून धुतलेलं जुनं धोतर दुहेरी अंथरून मगच कापड भरावं. टाचण्या, स्टेपलच्या पिना, सेफ्टीपिना कापडात ठेवू नयेत. लाकडी पेटीतून आम्ल बाहेर पडतं, त्याने पांढरं कापड लाकडाला टेकलेल्या जागी पिवळं पडतं. अस्तर तिथेही हवं. वर्तमानपत्र अंथरायची सवय सोडावी, त्या कागदातही आम्ल असतं आणि शाई उतरते. रबरबँड चिकटतात आणि त्यातल्या गंधकाने जरीची चांदी काळवंडते. बांधायला सुती नाडी बरी.

उजेडाबद्दल थोडक्यात: संग्रहालयं वस्त्रांवर साधारण ५० लक्स इतका मंद प्रकाश ठेवतात, आणि दिवसा खिडकीजवळ त्याच्या अनेक पटींनी उजेड असतो. काचेच्या दाराच्या कपाटात मांडलेला साठा डोळ्यांना सुखावतो, पण घडीच्या कडेला फिकट रेघ उमटते ती कायमची. काचेच्या आतून पडदा लावला की काम होतं.

किडे दोन जातींचे. कसर म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यातले चंदेरी, चपळ किडे खळ, कांजी, कागद आणि सूतही खातात. त्यांना ओल आणि अंधार हवा असतो. कापडी पतंगाची अळी मात्र लोकर आणि रेशमावर जगते. स्वच्छ सुताकडे ती सहसा वळत नाही, घामाचे किंवा तेलातुपाचे डाग असतील तरच. म्हणून रेशीम आणि लोकरीचे तुकडे सुती साठ्यापासून वेगळे, आणि कोणतंही कापड न धुता आत नाही. वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला, लवंगा यांच्या वासाने किडे दूर राहायला मदत होते, पण आधीच घातलेली अंडी त्याने मरत नाहीत. या वस्तू पुरचुंडीत बांधून ठेवाव्यात, पाला थेट कापडावर पसरला तर डाग पडतात. रेशमी किंवा लोकरीच्या तुकड्यांत अळी दिसलीच, तर ते तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करावेत आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. सगळ्यात परिणामकारक उपाय मात्र फुकटचा आहे. या किड्यांना हालचाल आणि उजेड नको असतो. दिवाळीआधी आणि पावसाआधी सगळं कापड बाहेर काढून झटकायचं, उलट बाजूने ऊन दाखवायचं आणि गार झाल्यावर नव्या घडीने आत ठेवायचं. घरोघरी हेच केलं जायचं, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध होतं.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र मला कडक शब्दांत सांगायचं आहे. त्यातलं नॅफ्थलीन वाफेच्या रूपात कापडात मुरतं. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला अशा कापडात गुंडाळलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, तीव्र पंडुरोग आणि कावीळ होते, मेंदूला आणि जिवालाही धोका पोचतो. बाळाला ही कमतरता आहे हे घरच्यांना बहुधा माहीतच नसतं. ज्या साठ्यातून कधीतरी दुपटं किंवा बाळाची गोधडी शिवली जाणार आहे त्या साठ्यात या गोळ्या ठेवूच नयेत. पूर्वी ठेवल्या असतील तर ते कापड अनेक दिवस मोकळ्या हवेत टांगावं, धुवावं, पुन्हा टांगावं, आणि तरीही बाळासाठी वापरू नये. मोठ्यांच्या गोधडीला चालेल.

वही

साठा एका ट्रंकेत मावत असेल तर नोंदीची गरज नाही. त्याच्या पुढे गेला की एक जाड वही करावी. प्रत्येक नव्या कापडाचा दोन इंची नमुना खळीने चिकटवायचा, पिना नकोत. शेजारी धागा कोणता, लांबी किती, कोणत्या खणात आहे, आणि कापड कुणाचं. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. आत्याचं लुगडं, बाबांचा कामावरचा शर्ट, शेजारच्या काकूंनी दिलेलं इरकल, हे आज सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून कुणी लिहीत नाही, आणि पुढच्या पिढीला तो नुसता निळा तुकडा उरतो. अशा कापडांची एक वेगळी पिशवी असावी आणि बोचक्यातलं इतर कापड संपेपर्यंत तिला हात लावू नये. कापताना चूक परवडत नाही.

रंगाची पाळी आता येते, आणि ती लवकर आटोपते. एकाच धाग्याच्या, एकाच दमाच्या घड्या खणात असतील तर त्या फिकटाकडून गडदाकडे लावाव्यात. लाल-निळा हा भेद नक्षीला तितका उठाव देत नाही जितका फिकट-गडद देतो. शंका आली तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहावा. रंगाने वेगळी वाटणारी दोन कापडं त्यात कित्येकदा एकाच करड्या छटेची निघतात.

शेवटी उरतं ते साठ्याबाहेर जाणारं कापड. वर्षाच्या झटकणीत जे दोनदा हातात आलं आणि दोनदा परत ठेवलं गेलं, ते द्यावं. गोधड्या शिवणारे बचत गट आता अनेक गावांत आहेत, आणि त्यांना येणाऱ्या पिशव्यांत न धुतलेले, बटणं-चेनसकट कोंबलेले कपडे फार असतात; ते निवडण्यात बायकांचा शिवायचा दिवस जातो. देताना सुती आणि मिश्र वेगळं बांधावं, बटणं, चेन, इलास्टिक काढावं, मोठे धडपे वर आणि लहान तुकडे खाली ठेवावेत, आणि वर एका चिठ्ठीवर किलो आणि धागा लिहावा.